वॉशर कापण्याचे जुने हातहत्यार : ओळख आणि सुरक्षित वापर

ऐन पाळीच्या दिवशी विहिरीवरील पंप हवा घेऊ लागला, म्हणजे शेतकऱ्याची किती ओढाताण होते हे सांगावयास नको. पंप उघडून पाहावा तर इंजिन ठीक असते, पंखा ठीक असतो, नळही शाबूत असतो. बिघडलेले असते ते केवळ दोन तोंडांमध्ये बसविलेले रबराचे किंवा चामड्याचे एक कडे. या कड्यास आपण वॉशर म्हणतो, बोलीत वायसर म्हणतो, आणि नळाच्या दोन तोंडांमधील मोठ्या कड्यास पॅकिंग असेही म्हणतो. हव्या त्या मापाचे कडे तालुक्याच्या दुकानी मिळाले तर उत्तमच. परंतु जुन्या पंपांची मापे पुष्कळदा आजच्या तयार मालाशी जुळत नाहीत. अशा वेळी जुन्या हत्यारांच्या पेटीत गंजत पडलेले एक साधन उपयोगी पडू शकते. ते साधन कसे ओळखावे, ते वापरण्याजोगे आहे की नाही हे कसे ठरवावे आणि अंगास इजा होऊ न देता त्याने काम कसे करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

हत्याराची ओळख

या हत्याराच्या मधोमध एक उभा पोलादी दांडा असतो. दांड्याचे वरचे टोक चौकोनी असून ते शेंड्याकडे निमुळते होत जाते. सुतार ज्या वाकड्या मुठीच्या साधनाने लाकडास भोके पाडतात, ज्यास ते ब्रेस म्हणतात, त्याच्या जबड्यात बसण्यासाठी हे टोक असे घडविलेले असते. दांड्याच्या खालच्या टोकास एक अणकुचीदार खिळा असतो. त्यास मध्यखिळा म्हणू. दांड्याला काटकोनात एक आडवी पट्टी जोडलेली असते, आणि या पट्टीवर मागेपुढे सरकणारी दोन पाती असतात. प्रत्येक पाते चिमटीने आवळावयाच्या स्क्रूने हव्या त्या जागी घट्ट करता येते. एक पाते वॉशरची बाहेरची कड कापते, दुसरे आतील भोक कापते. काही हत्यारांत पाती दांड्याच्या दोन बाजूंस असतात, तर काहींत दोन्ही एकाच बाजूस असतात.

याच्यासारखी दिसणारी दुसरीही साधने आहेत. त्यांच्यात घोटाळा होऊ नये म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्या.

पत्र्याच्या टाकीस भोक पाडण्याचे हत्यार दिसण्यास असेच असते. परंतु त्यास बहुधा एकच पाते असते, आणि ते पाते चाकूसारखे पातळ नसून लेथवरील हत्याराप्रमाणे जाड व बोथट कोनाचे असते. वॉशर कापण्याच्या हत्याराची पाती चाकूच्या टोकासारखी पातळ असतात. ती केवळ चामडे, रबर, बूच, जाड पुठ्ठा अशा मऊ पदार्थांसाठी असून त्यांनी पत्रा कापू नये. तसे केल्यास पाते तुटून उडण्याचा धोका असतो.

मोठी वर्तुळे आखण्याच्या साधनासही पट्टीवर सरकणारे दोन भाग असतात. परंतु त्यास ब्रेसमध्ये बसणारे चौकोनी टोक नसते. चर्मकार वापरतात तो पोकळ पंच अगदीच वेगळा. तो एकाच मापाचे भोक पाडतो व त्यावर हातोडी मारावी लागते. लहान वॉशरसाठी आणि बोल्टांच्या भोकांसाठी तोच अधिक सोयीचा आहे.

माप इंचात की मिलिमीटरमध्ये ?

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली व पुढील काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. त्यापूर्वीच्या हत्यारांवरील रेषा इंचाच्या व त्याच्या भागांच्या असतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्यानुसार अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर होतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वॉशरचे माप आपण व्यासात सांगतो. पण पाते लावावयाचे असते ते मध्यखिळ्यापासून त्रिज्येच्या, म्हणजे व्यासाच्या निम्म्या अंतरावर. ७६ मिलिमीटर व्यासाच्या वॉशरसाठी पाते ३८ मिलिमीटरवर हवे. ते ७६ वर लावले तर १५२ मिलिमीटर व्यासाचे कडे निघेल व सगळा तुकडा वाया जाईल. काही हत्यारांवरील आकडे त्रिज्येचे असतात, काहींवरील व्यासाचे असतात. म्हणून आकड्यांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पट्टीने मोजावे आणि प्रथम पुठ्ठ्यावर एक कडे कापून पाहावे.

वापरापूर्वीची तपासणी

अनेक वर्षे पडून असलेले हत्यार एकदम कामास लावू नये. त्याची तपासणी या क्रमाने करावी.

१. गंज चढलेले भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर भिजवून तारेच्या ब्रशाने साफ करावे. हे काम उघड्यावर, चुलीपासून व विडीकाडीपासून दूर करावे. घट्ट बसलेल्या स्क्रूवर हातोडी मारू नये. जुने ओतीव लोखंड अशा घावाने तडकते.

२. आडवी पट्टी व पात्यांचे धारक उजेडात धरून तडा आहे काय ते पाहावे. तडा दिसल्यास ते हत्यार वापरातून काढून टाकावे. तारेने बांधून किंवा जोड देऊन ते चालविण्याचा मोह धरू नये.

३. पाती आवळून झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर दाबून पाहावी. पाते सरकत असेल तर स्क्रूचे आटे झिजलेले आहेत असे समजावे व स्क्रू बदलावा.

४. मध्यखिळा पात्यांच्या टोकांपेक्षा थोडा अधिक खाली आलेला असावा. तो पात्यांच्या आधी सामानात व खालील लाकडात शिरला नाही तर हत्यार मध्यापासून भरकटते.

५. पात्यांची धार निसण्यावर लावून घ्यावी. बोथट पाते अधिक सुरक्षित असते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. बोथट पात्यावर जास्त जोर द्यावा लागतो, आणि जोराने दाबलेला हात निसटला म्हणजे जखम होते.

पाती लावण्याची पद्धत

पात्याची एक बाजू सपाट व दुसरी उतरती असते. सपाट बाजू नेहमी वॉशरच्या अंगाकडे व उतरती बाजू टाकाऊ भागाकडे असावी. म्हणजे बाहेरच्या पात्याची उतरती बाजू बाहेर, तर आतील पात्याची उतरती बाजू मध्याकडे येईल. असे केल्याने वॉशरच्या दोन्ही कडा सरळ निघतात. तसेच ब्रेस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविताना पात्याची धार पुढे व पाठ मागे आहे ना, हे पाहावे.

उदाहरणार्थ, बाहेरचा व्यास ७६ मिलिमीटर व आतील भोक ५२ मिलिमीटर असलेले पॅकिंग हवे आहे. बाहेरचे पाते मध्यखिळ्यापासून ३८ मिलिमीटरवर व आतील २६ मिलिमीटरवर लावावे. पाती एकाच बाजूस असल्यास त्यांतील अंतर १२ मिलिमीटर, आणि दोन बाजूंस असल्यास ६४ मिलिमीटर भरले पाहिजे. पुठ्ठ्यावरील नमुना ७६ ऐवजी ७७ मिलिमीटर भरला तर पाते १ नव्हे, अर्धा मिलिमीटरच आत सरकवावे.

आतील पाते बाहेरच्यापेक्षा अगदी थोडे खाली ठेवावे. यामागील कारण असे : बाहेरची कड आधी सुटली तर सगळी चकती मध्यखिळ्याभोवती हत्याराबरोबरच फिरू लागते व आतील भोक नीट कापले जात नाही. आतील भोक आधी पूर्ण झाले तर कडे शेवटपर्यंत बाहेरच्या तुकड्यात पक्के राहते.

कापण्याची कृती

सपाट, खिळे नसलेली व सुमारे ४० मिलिमीटर जाडीची फळी घेऊन ती बाकास शिकंजाने आवळावी. फळीवर चामडे किंवा रबर पसरून, कापावयाच्या वर्तुळाच्या बऱ्याच बाहेर लाकडी पट्ट्या ठेवून त्या शिकंजाने दाबाव्या. मध्यबिंदू आरीने टोचून घ्यावा. मध्यखिळा त्या टोच्यात ठेवून दांडा सर्व बाजूंनी उभा आहे हे गुण्याने पाहावे. एका हाताच्या तळव्याने ब्रेसच्या माथ्यावर हलका दाब द्यावा व दुसऱ्या हाताने मूठ सावकाश फिरवावी. एका दमात आरपार जाण्याची घाई करू नये. प्रत्येक फेरीत थोडे थोडे कापत गेल्यास कड स्वच्छ निघते.

जाड चामडे असल्यास निम्मी जाडी एका बाजूने कापावी. मग तुकडा उलटवून, मध्यखिळ्याचे भोक तेच धरून उरलेली निम्मी दुसऱ्या बाजूने कापावी. रबर दाबाखाली ताणले जाते व माप चुकते; म्हणून ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरावे आणि पात्यास साबणाचे पाणी लावावे.

मध्यखिळ्याचे भोक चकतीच्या मध्यात राहते, हेही ध्यानात असू द्यावे. आतील भाग टाकून द्यावयाचा असल्याने वॉशरच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. परंतु ज्या झडपेची चकती बिनभोकाची हवी, ती या हत्याराने कापू नये. चकतीच्या मध्यातून बोल्ट जात असेल तरच हे भोक झाकले जाते.

इजा टाळण्यासाठी घ्यावयाची काळजी

पहिला नियम असा की, सामान हाताने किंवा पायाने धरू नये. जमिनीवर बसून तुकडा पायाच्या बोटांखाली दाबावयाचा व वरून हत्यार फिरवावयाचे, ही खेड्यांतील नेहमीची रीत आहे. या हत्याराच्या बाबतीत ती फार घातक आहे. पात्याचा फेरा पट्टीच्या लांबीएवढा असतो, आणि पाते निसटले तर ते थेट बोटांवर येते.

दुसरा नियम असा की, हे हत्यार विजेच्या ड्रिलमध्ये कधीही लावू नये. त्याचे चौकोनी निमुळते टोक ड्रिलच्या तीन दाढांच्या जबड्यात पक्के बसत नाही. शिवाय वेगाने फिरणारी लांब पट्टी तोल सोडते, चिमटीचे स्क्रू ढिले होतात व पाते गोळीसारखे उडते. हे साधन हाताच्या मंद गतीसाठीच बनविलेले आहे.

तिसरा नियम असा की, कापलेले कडे पात्यांमध्ये अडकल्यास ते बोटाने उकरू नये. हत्यार पूर्ण उचलून बाजूस ठेवावे, मगच कडे सोडवावे. लोंबते उपरणे, सैल बाह्या किंवा साडीचा पदर आवरून घ्यावा व डोळ्यांस चष्मा लावावा. काम संपताच पात्यांच्या टोकांत बुचाचा तुकडा खोचावा, हत्यारास तेलाचे बोट फिरवावे आणि ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे.

जखम झालीच तर ती साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. त्यामुळे गोठ्याच्या अंगणात झालेली लहान जखमही क्षुल्लक मानू नये. जखमेत हळद, शेण किंवा माती भरू नये.

सामानाची निवड

पाण्याच्या कामासाठी सालीने कमावलेले घट्ट चामडे किंवा साधे रबर चालते. चामडे पाण्याने फुगते, म्हणून ते बसविण्यापूर्वी भिजवून घ्यावे. डिझेल व वंगणाच्या संपर्कात साधे रबर फुगून मऊ पडते. तेथे नायट्राइल रबर, बूच किंवा तेलकागद वापरावा. वाहनाच्या जुन्या ट्यूबचे रबर तेलाच्या जागी वापरू नये.

जुन्या गोदामात पडलेल्या राखट रंगाच्या, कडक पॅकिंगच्या तावांविषयी विशेष सावध राहावे. अशा जुन्या तावांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग व इतर असाध्य विकार होतात, आणि ते अनेक वर्षांनी प्रकट होतात. म्हणून असा संशयास्पद ताव कापू नये, घासू नये, त्याची भुकटी झाडू नये. नवीन सामान घेताना त्यात ॲस्बेस्टॉस नाही अशी खात्री करून घ्यावी. इंजिनच्या डोक्याचे गास्केट तर घरी बनवूच नये. तेथील उष्णता व दाब मऊ सामान सोसू शकत नाही.

तीन ठिकाणचे उपयोग

विहिरीवरील पंप : प्रथम विजेचा मुख्य स्विच बंद करावा किंवा इंजिन थंड होऊ द्यावे. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून दोन्ही तोंडे स्वच्छ करावी. नव्या पॅकिंगचे आतील भोक नळाच्या भोकापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठे असावे, म्हणजे पाण्याच्या वाटेत कड येत नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे व आळीपाळीने आवळावे. पंप चालू असताना ओढ नळाच्या सांध्यातून पाणी गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून नुसते पाहून दोष सापडत नाही. पंप बंद असताना ओढ नळ व पंप पाण्याने तोंडोतोंड भरावा. दोषी सांध्यातून पाणी ठिबकू लागेल.

फवारणी पंप : येथे वॉशरचा प्रश्न केवळ पाण्याच्या नासाडीचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवरील पंप गळू लागला की औषध अंगरख्यातून कातडीत शिरते. म्हणून गळका पंप क्षणभरही पाठीवर घेऊ नये. वॉशर बदलण्यापूर्वी पंप रिकामा करून धुवावा व हातमोजे घालावे. जुन्या वॉशरमध्ये विष मुरलेले असते. तो पुन्हा कापून दुसरीकडे वापरू नये. या पंपासाठी कारखान्यातील तयार वॉशरच घेणे श्रेयस्कर होय, कारण कीटकनाशकांतील द्रावकांपुढे कोणतेही रबर टिकेल असे नाही.

हातपंप : १९६० व १९७० च्या दशकांत जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला. अशा पंपांच्या सिलिंडरातील वाटीसारखे वॉशर पूर्वी चामड्याचे असत. पुढे नायट्राइल रबराचे वॉशर प्रचारात आले. सार्वजनिक हातपंपाची दुरुस्ती प्रशिक्षित यांत्रिकाकडूनच करून घ्यावी. मात्र घरच्या जुन्या हापशासाठी चामड्याची वाटी बनवावयाची झाल्यास, वाटीच्या तळाच्या व्यासात उंचीची दुप्पट मिळवून चकती कापावी. तळ ६० व उंची १५ मिलिमीटर असेल तर चकती ९० मिलिमीटरची होईल. ती पाण्यात भिजवून लाकडी साच्यात दाबावी, सावलीत वाळवावी व वर आलेली जादा कड रापीने छाटावी. पिण्याच्या पाण्याच्या पंपासाठी नवे, स्वच्छ चामडे घ्यावे. औषधाच्या किंवा तेलाच्या संपर्कात आलेले मुळीच घेऊ नये.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ तोंडी सांगू नये. हंगामाच्या आधी गावात एक लहानसे प्रात्यक्षिक घ्यावे. शेतकऱ्यांना घरची जुनी हत्यारे आणावयास सांगावे व त्यांतील चालण्याजोगी आणि टाकाऊ अशी निवड सर्वांसमक्ष करावी. तडा गेलेले हत्यार वेगळे ठेवण्याचे कारण समजावून द्यावे. प्रथम पुठ्ठ्यावर, मग रबरावर एकेक कडे कापून दाखवावे आणि नंतर दोघा-तिघांकडून ते करवून घ्यावे. गावातील सुतार व चर्मकार यांस आवर्जून बोलवावे, कारण धार, आरी व चामडे यांची त्यांना असलेली जाण पुस्तकात सापडावयाची नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या पंपाच्या वॉशरांची मापे वहीत टिपून ठेवावी व प्रत्येकी एक जादा वॉशर घरी ठेवावा, असा आग्रह धरावा.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

दोन पातळ पाती, मध्यखिळा आणि चौकोनी निमुळते टोक ही या हत्याराची खूण होय. पाते त्रिज्येवर लावावे व आधी पुठ्ठ्यावर पडताळावे. सामान शिकंजात आवळावे, हातापायांनी धरू नये. विजेच्या ड्रिलला हे हत्यार लावू नये. ॲस्बेस्टॉसचा संशय असलेल्या तावास हात लावू नये. तयार वॉशर मिळत असेल तर तोच आणावा. हे हत्यार अडल्या वेळचा सोबती आहे, आणि नीट राखले तरच ते अडल्या वेळी कामास येईल.